आयटीआयच्या व्यवस्थापन समित्यांना खुलं पत्र : ड्राइव्ह मुलांच्या हातात द्या

प्रति,
अध्यक्ष व सदस्य,
संस्था व्यवस्थापन समित्या,
पुणे जिल्ह्यातील औद्योगिक प्रशिक्षण संस्था

विषय : व्हीएफडीचं (मोटारीचा वेग बदलणाऱ्या ड्राइव्हचं) प्रत्यक्ष, हाताने करायचं प्रशिक्षण

महोदय / महोदया,
स.न.वि.वि.

भोसरीत माझं पॅनल बांधायचं आणि ड्राइव्ह दुरुस्तीचं छोटं वर्कशॉप आहे. चाकण, तळेगाव, रांजणगाव, कुरकुंभ या पट्ट्यातल्या कारखान्यांतून बंद पडलेले ड्राइव्ह आणायचे, उघडायचे, जगत असतील तर जगवायचे, हा धंदा. तुमच्यापैकी काहींच्या कारखान्यांतही माझं येणं-जाणं आहे. काम झाल्यावर चहा घेताना एक तक्रार हमखास कानावर येते, "आयटीआयची पोरं येतात हो, पण ड्राइव्हमधलं त्यांना काही येत नाही." मी मान डोलावतो, कारण बिल मंजूर व्हायचं असतं. आज पत्रच लिहायला बसलोय तर बोलून टाकतो. साहेब, त्या आयटीआयच्या समितीवर तुम्हीच आहात.

ही समिती नावापुरती नाही. केंद्र सरकारने २००७-०८ पासून सरकारी-खासगी भागीदारीची योजना आणली, तेव्हा निवडलेल्या प्रत्येक आयटीआयसाठी अडीच कोटींचं बिनव्याजी कर्ज दिलं आणि समितीच्या अध्यक्षपदी उद्योजकाला बसवलं. हेतू उघड होता : ज्याला कामगार लागतो त्यानेच सांगावं, शिकवायचं काय आणि कशावर. कारखान्यात तक्रार करणारा आणि संस्थेत ती दूर करू शकणारा माणूस एकच आहे. म्हणून हे पत्र संचालनालयाला न लिहिता तुम्हाला लिहितोय.

अभ्यासक्रमात ड्राइव्ह नाही असं नाही. इलेक्ट्रिशियन ट्रेडच्या दुसऱ्या वर्षाला एसी ड्राइव्हने मोटारीचा वेग आणि दिशा बदलण्याचं प्रात्यक्षिक आहे. ते होतंही. एका टेबलावर ड्राइव्ह, शेजारी मोकळी फिरणारी छोटी मोटार, भोवती वीसेक मुलं. सर नॉब फिरवतात, मोटार हळू होते, जोरात होते, उलटी फिरते. पुढच्या रांगेतल्यांना कीपॅड दिसतो, मागच्यांना पुढच्यांची डोकी. जर्नलमध्ये आकृती येते, सही होते.

तुम्हाला ड्राइव्ह म्हणजे काय हे सांगायची गरज नाही, पण खुलं पत्र आहे, मुलांचे आईवडीलही वाचतील, म्हणून थोडक्यात. थ्री-फेज मोटार आपल्या ५० हर्ट्झच्या सप्लायवर जवळजवळ एकाच वेगाने फिरते. चार पोलची असेल तर नेमप्लेटवर १४४० च्या आसपास आरपीएम लिहिलेला असतो. ड्राइव्ह आलेल्या एसीचं आधी डीसी करतो, ते कपॅसिटरमध्ये साठवतो आणि आयजीबीटीच्या (इलेक्ट्रॉनिक स्विचच्या) झपाट्याने होणाऱ्या उघडझापीतून त्याचं पुन्हा हव्या त्या फ्रिक्वेन्सीचं एसी तयार करतो. फ्रिक्वेन्सी उतरवली की व्होल्टेजही त्याच प्रमाणात उतरवतो. ४१५ ला ५० ने भागा, हर्ट्झमागे ८.३ व्होल्ट. एवढं सगळं पोरं तोंडी परीक्षेत घडाघडा सांगतात. खरंच सांगतात, मी विचारून पाहिलंय. अडतं ते याच्या पुढे, कारण ड्राइव्ह जिथे माणसाला रडवतो ती ठिकाणं आकृतीत नसतात. मोटारीला लोड लागतो तेव्हा, मशीन थांबवायचं असतं तेव्हा, मे महिन्यात पत्र्याच्या शेडमध्ये पॅनल तापतं तेव्हा, केबल शंभर मीटर लांब जाते तेव्हा, तिथे खरी गाठ पडते.

एकच उदाहरण नीट सांगतो. मोठा ब्लोअर आहे. चालू होताना काही कुरकुर नाही, पण बंद करायला गेलं की ओव्हरव्होल्टेज ट्रिप. नवा मुलगा काय करतो? एमएसईबीचा सप्लाय मोजतो. तो ठीकच असतो. मग जाहीर करतो, ड्राइव्हचं कार्ड गेलंय. तिकडून मला फोन. मी जाऊन एक पॅरामीटर, म्हणजे ड्राइव्हमधलं एक सेटिंग, बदलतो आणि व्हिजिट चार्ज घेऊन येतो. झालेलं एवढंच असतं की तो जड पंखा थांबायला तयार नसतो आणि ड्राइव्हला सांगितलेलं असतं, ३ सेकंदांत थांबव. मोटार त्या वेळी जनरेटर होते, वीज उलटी ड्राइव्हमध्ये ढकलते. एरवी ५८० व्होल्टच्या आसपास असणारी डीसी बस, म्हणजे कपॅसिटरवरचं व्होल्टेज, चढत चढत ८०० च्या घरात जाते आणि ड्राइव्ह स्वतःला वाचवण्यासाठी ट्रिप होतो. डिसेलरेशनचा, म्हणजे वेग उतरवण्याचा, वेळ वाढवा, नाहीतर पंखा आपल्या गतीने थांबू द्या. लवकर थांबवणं गरजेचंच असेल तर ब्रेकिंग रेझिस्टर लावा. विषय संपला.

हे फळ्यावर शिकवून भागत नाही, हे मी अनुभवाने सांगतो. पण २ अश्वशक्तीची मोटार आणि तेवढाच ड्राइव्ह घ्या. मोटारीच्या शाफ्टवर भंगारातली एखादी जड पुली टर्न करून, बॅलन्स करून बसवा आणि वर जाळीचं भक्कम गार्ड घाला. मुलाला सांगा, डिसेलरेशन २ सेकंद ठेव आणि स्टॉप दाब, पण नजर कीपॅडवरच्या डीसी बसच्या आकड्यावर ठेव. आकडा चढताना तो डोळ्यांनी पाहतो, ट्रिप होते. मग २० सेकंद करून बघायला सांगा, आकडा जागचा फारसा हलत नाही. मग रेझिस्टर जोडून पुन्हा २ सेकंद. या वेळी पुली झटकन थांबते, आणि रेझिस्टरच्या जवळ नुसता तळहात नेला तरी पुलीतली ऊर्जा कुठे गेली ते कळतं. अर्ध्या तासाचं काम. हे स्वतःच्या हाताने केलेला मुलगा पुन्हा कधी ब्लोअरच्या ओव्हरव्होल्टेजला एमएसईबीला दोष देणार नाही, आणि माझा एक व्हिजिट चार्ज बुडेल. बुडू दे.

दुसरा खेळ कमी वेगाचा. बहुतेक आयटीआयच्या मशीन लॅबमध्ये ब्रेक ड्रम, पट्टा आणि स्प्रिंग बॅलन्सवाला मोटार टेस्टिंगचा जुना संच असतो. त्याला ड्राइव्ह जोडा, १५ हर्ट्झवर चालवा, पट्टा ताणून लोड द्या. करंट नेमप्लेटच्या आतच आहे, तरी मोटार तापत जाते, कारण तिला गार करणारा पंखा तिच्याच शाफ्टवर आहे आणि तोही आता रमतगमत फिरतोय. कन्व्हेयरवर, एक्सट्रूडरवर मोटारी जळतात त्यातल्या कितीतरी अशाच. नुसता करंट बघणाऱ्या ओव्हरलोड रिलेला हे समजत नाही. वाइंडिंगमध्ये तापमान ओळखणारा थर्मिस्टर लागतो, नाहीतर वेगळ्या सप्लायवरचा ब्लोअर. मुलाने दर पाच मिनिटांनी मोटारीचं तापमान मोजून वहीत लिहावं, बाकी भाषण नको.

आता सुरक्षिततेचं, आणि यात मात्र मी अजिबात सवलत देणार नाही. पहिला धडा कीपॅडचा नको, मीटरचा हवा. मेन स्विच बंद केला, कीपॅड विझला, म्हणून ड्राइव्ह मेला असं नसतं. कपॅसिटरमध्ये जीव घेईल एवढं व्होल्टेज उरलेलं असतं. ड्राइव्हच्या अंगावर किती मिनिटं थांबायचं ते छापलेलं असतं, लहानांना साधारण ५, मोठ्यांना १५ सुद्धा. तेवढं थांबायचं, मग डीसी प्लस-मायनसवर मीटर लावून शून्याजवळ आलंय हे बघायचं, मगच हात. मीटरही १००० व्होल्टला चालणारा, कॅट थ्री छापलेला हवा. रस्त्यावरचा दोनशे रुपयांचा पिवळा डबा नको. लॉक लावणं, टॅग अडकवणं, चावी स्वतःच्या खिशात ठेवणं हे पोस्टर लावून येत नाही, रोज करून येतं. आणखी एक, कारखान्यात हल्ली बऱ्याच जणांचा गैरसमज आहे : सेफ टॉर्क ऑफ (मोटार फिरू न देणारी ड्राइव्हमधली सुरक्षा सोय) चालू आहे म्हणजे मोटारीच्या टर्मिनल बॉक्सला हात लावायला हरकत नाही. हरकत आहे. त्याने मोटार फिरायची थांबते, टर्मिनलवरचं व्होल्टेज तुटल्याची खात्री मिळत नाही.

मेगरचंही, म्हणजे इन्सुलेशन तपासायच्या मीटरचंही, तसंच. मोटारीची शंका आली की मेगर काढायचा हा आपल्या वायरमनचा जुना आणि चांगला हात. पण केबल ड्राइव्हला जोडलेली असताना ५०० किंवा १००० व्होल्टचा मेगर मारला तर मोटार पास होते आणि ड्राइव्हचं आउटपुट जातं. ड्राइव्हकडून मोटारीला जाणारे यू, व्ही, डब्ल्यू सोडवायचे, टोकांना खुणा करायच्या, मेगर मारायचा, आकडा लिहायचा, डिस्चार्ज करायचं, पुन्हा त्याच जागी घट्ट जोडायचं. आणि सप्लाय चुकून या यू-व्ही-डब्ल्यूवर द्यायचा नाही. हे तर सगळ्यांना माहीत असतं, तरी माझ्या बाकावर असे ड्राइव्ह येतातच. उघडले की आयजीबीटी मॉड्यूलचं झाकण फुटलेलं, आत काळं, आणि पीसीबीवर काजळीचा पिसारा.

बाकावर येणाऱ्यांत सगळ्यात जास्त चीड आणणारा प्रकार वेगळाच. मशीन शॉपमधला ड्राइव्ह असतो. मागच्या हीट सिंकच्या फटींत कूलंटची वाफ आणि बिडाची भुकटी मिळून काळा लगदा बसलेला. पंखा बोटाने ढकलला तरी फिरत नाही. हा ड्राइव्ह महिनोन् महिने ओव्हरटेम्परेचर म्हणून ओरडत होता. ऑपरेटर रिसेट मारत होता, मेंटेनन्सवाला रिसेट मारत होता, शेवटी कोणीतरी पॅनलचं दार सताड उघडून समोर टेबल फॅन लावला, म्हणजे आणखी भुकटी आत. तुमच्या शॉप फ्लोअरवर आज एक फेरी मारा, टेबल फॅन दिसेल. पंखा बदलायला अर्धा तास लागतो आणि त्याची किंमत ड्राइव्हच्या मानाने किरकोळ असते. पण ट्रिप म्हणजे ड्राइव्ह काहीतरी सांगतोय, हे शिकवलेलंच नाही. शिकवलंय ते रिसेटचं बटण कुठे आहे तेवढंच. अर्थ फॉल्टवर असं चार वेळा रिसेट मारलं की पाचव्या वेळी ड्राइव्ह काही सांगायला शिल्लक राहत नाही.

विजेच्या बचतीचं तुम्ही जास्त जाणता, म्हणून त्यावर थोडंच. पंप-पंख्याचा वेग ८० टक्के केला तर लागणारी शक्ती निम्म्यावर येते, गणिताने ५१ टक्के. याच आकड्यावर ड्राइव्ह विकले जातात. उंच टाकीत पाणी चढवायचं असेल तर हिशेब एवढा सरळ राहत नाही, हे विकणारा सांगत नाही. आणि ड्राइव्ह बसवून नंतर तो वर्षानुवर्षं ५० हर्ट्झवरच चालवणारे कारखाने मी पाहिलेत, भरपूर. व्हॉल्व्ह अर्धा बंद, ड्राइव्ह फुल. तिथे बचत शून्य, वर ड्राइव्हचे स्वतःचे दोन-तीन टक्के वाया. प्रेशर ट्रान्समीटरचा ४-२० मिलिअँपिअर सिग्नल ड्राइव्हला जोडून पीआयडी (दाबाप्रमाणे वेग आपोआप जुळवणारं नियंत्रण) बसवणं कोणाला जमलं नाही, म्हणून. हेही बेंचवर एका दिवसात शिकता येतं.

एका कारखान्यातली रात्र सांगतो. नाव घेत नाही. तिसऱ्या पाळीत कन्व्हेयरचा ड्राइव्ह उडाला. स्टोअरमध्ये त्याच रेटिंगचा स्पेअर होता, त्यांनी तो पाऊण तासात बसवलाही. तरी लाइन सकाळपर्यंत उभीच. का? जुन्या ड्राइव्हचे पॅरामीटर कुठेच लिहिलेले नव्हते. रॅम्प किती, वेगाचा सिग्नल कुठून येतो, पीएलसीशी (लाइन चालवणाऱ्या कंट्रोलरशी) बोलायचा मॉडबसचा पत्ता कोणता, कोणाला काही ठाऊक नाही. ज्याने लाइन बसवली तो इंजिनिअर नोकरी सोडून गेलेला. नवीन ड्राइव्ह फॅक्टरी सेटिंगवर मख्खपणे दिवे लावून बसलेला. पॅरामीटर कीपॅडमध्ये किंवा लॅपटॉपवर कॉपी करून ठेवणं हे दहा मिनिटांचं काम, आयटीआयचा मुलगा ते आनंदाने करेल. आणि ओघात सांगतो, स्टोअरमध्ये दोन-तीन वर्षं नुसता पडून राहिलेला ड्राइव्ह थेट पूर्ण व्होल्टेजवर टाकू नका. त्याचे कपॅसिटर हळूहळू जागे करावे लागतात, त्याची पद्धत मॅन्युअलमध्ये दिलेली असते.

इथे शिकाऊ उमेदवारांचा विषय येतो. १९६१ च्या शिकाऊ उमेदवारी कायद्याखाली ३० किंवा जास्त माणसं असलेल्या आस्थापनेने अडीच ते १५ टक्के शिकाऊ घेणं बंधनकारक आहे. तुम्ही घेताही. पण तुमच्याकडे तो वर्षभर काय करतो? पाने देतो, केबल ट्रे पुसतो, झेरॉक्स आणतो. ड्राइव्हच्या पॅनलला कुलूप आणि ड्राइव्हला पासवर्ड. भीती मला समजते, चालू लाइनवर कोणी शिकायला देणार नाही, देऊही नये. पण दिवाळीत शटडाउन असतो ना? तेव्हा जाणत्या माणसाच्या हाताखाली याच पोरांकडून प्रत्येक ड्राइव्ह साफ करून घ्या, टर्मिनल घट्ट करून घ्या, पंखे तपासून घ्या, पॅरामीटर उतरवून घ्या, मोटारीच्या नेमप्लेटशी ताडून घ्या. करंट, आरपीएम, फ्रिक्वेन्सी यांत तफावत सापडली नाही तर मी पैजेचं जेवण देईन.

प्रशिक्षणाच्या नावाखाली पुण्यात जे बाकीचं चालतं त्याबद्दल फार लिहीत नाही. हॉटेलात दिवसभराचा कार्यक्रम, स्लाइड, उत्तम जेवण, आणि सुटकेसमधून निघालेला डेमो किट. त्यावरची मुठीएवढी मोटार पाहुण्यांसमोर शहाण्यासारखं वागणाऱ्या पोरासारखी असते, कधी ट्रिप होत नाही. संध्याकाळी प्रमाणपत्र. जायला हरकत नाही, मीही जातो, पण त्याला प्रत्यक्ष प्रशिक्षण म्हणू नका.

शिल्प निदेशकांना, म्हणजे आयटीआयमध्ये शिकवणाऱ्या सरांना, दोष देण्याचा माझा हेतू नाही. त्यातले काही माझ्यापेक्षा चांगले इलेक्ट्रिशियन आहेत. पण ज्यांना जळलेला ड्राइव्ह उघडायलाच मिळाला नाही ते तो दाखवणार कसा? उन्हाळ्याच्या सुट्टीत त्यांना तुमच्या मेंटेनन्स विभागात पंधरा दिवस बसू द्या. फेरफटका नको, ब्रेकडाउनच्या कॉलवर सोबत न्या.

आणि परीक्षा बदला. निदान संस्थेची अंतर्गत परीक्षा तरी तुमच्या हातात आहे. बेंचच्या मागे निदेशकांनी चार-पाच लपवलेले स्विच ठेवावेत. एकाने इनपुटचा एक फेज जाईल, एकाने रनचा सिग्नल तुटेल, एकाने वेगाचा सिग्नल. कधी नेमप्लेटचा करंट मुद्दाम चुकीचा भरून ठेवावा, कधी ४-२० च्या जागी ०-१० व्होल्ट निवडून ठेवावं. मुलाला एवढंच सांगायचं, "मोटार चालत नाही, बघ." त्याने आधी काय विचारलं, मीटर कुठे लावला, रिसेट किती वेळा दाबला, यावर गुण. पर्याय निवडण्याच्या परीक्षेत हे मोजता येत नाही.

खर्चाचं कारण सांगू नका, ही विनंती. २ अश्वशक्तीचा ड्राइव्ह चांगल्या मोबाइलच्या किमतीत येतो. चार-चार मुलांना एक बेंच द्यायचा झाला तर वीस मुलांच्या तुकडीला पाच. सीएसआरमधून आयटीआयच्या भिंती रंगवल्या जातात, पाण्याचे कूलर बसतात, फीत कापली जाते. त्यातल्या एका फितीच्या पलीकडे हे बेंच असू द्या. मोटारी, कॉन्टॅक्टर, पॅनलच्या पेट्या तर तुमच्याच भंगारात निघतील.

पुढच्या बैठकीच्या विषयपत्रिकेत हा विषय घ्या आणि भंगाराची गाडी बोलावण्याआधी स्टोअरला एक फोन करा, एवढंच मागणं आहे. माझ्या वर्कशॉपमध्ये दुरुस्तीपलीकडे गेलेले ड्राइव्ह आहेत, कपॅसिटर आणि मॉड्यूल हातात घेऊन बघायला ते उत्तम, ज्या संस्थेला हवे तिने न्यावेत. गुरुवारी आमच्याकडे सुट्टी असते, त्यामुळे पहिला बेंच उभा करायला मी आणि माझा सहकारी गुरुवारी येऊ. मजुरी नको. मात्र गुरुवार एमएसईबीच्याही शटडाउनचा वार, तेव्हा त्या दिवशी लॅबला थ्री-फेज सप्लाय असेल ना, एवढं प्राचार्यांना आधी विचारून ठेवा.

कळावे,

आपला,
भोसरीतला एक ड्राइव्ह दुरुस्तीवाला